तान्ह्याची गुळणी : एका भीतीचा इतिहास

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह, राज्यारोहणें आणि राज्यक्रांत्या उभ्या राहतात. वर्गांत उभें राहून इतकीं वर्षें मींही बहुधा तेंच शिकविलें. परंतु जिनें कोणत्याही दरबारांत कधीं खळबळ उडविली नाहीं आणि तरीही जी तान्हें मूल असलेल्या बहुतेक घरांत रोज घडते, अशा एका साध्या घटनेचा इतिहास आज मला आपल्यापुढें मांडावयाचा आहे. ती घटना म्हणजे तान्ह्या मुलाचें दूध ओकणें. मूल पोटभर पितें, आई त्याला खांद्यावर घेते, आणि पाठीवर थोपटतांच तें घोटभर दूध तिच्या पदरावर टाकून पुन्हां हसूं लागतें. पदर पुसला कीं प्रकरण संपलें. मग याला इतिहास कसला, असें आपण विचाराल.

इतिहास आहे, आणि तो सुखाचा नाहीं. निरोगी मुलाला दूध ओकण्यापासून जो धोका असतो, त्याहून कितीतरी मोठा धोका त्या ओकण्याच्या भीतीनें योजलेल्या उपायांनीं निर्माण केला. हे उपाय सांगणारे लोक दुष्ट नव्हते आणि अडाणीही नव्हते. त्यांत नामांकित डॉक्टर होते, विद्वान ग्रंथकार होते. त्यांचा तर्क कोणालाही पटावा असाच होता. त्यांच्याकडून राहून गेली ती एकच गोष्ट : तो तर्क खरा कीं खोटा, हें मुलांची गणती करून वेळीच ताडून पाहण्याची.

मूल दूध ओकतें हें मनुष्यजातीला पूर्वापार ठाऊक आहे. ग्रीक वैद्य हिपोक्राटीस याच्या नांवावर असलेल्या सूत्रग्रंथांत निरनिराळ्या वयांचे विकार सांगितले आहेत. त्यांपैकीं नवजात बालकांच्या यादींत तोंड येणें, खोकला आणि झोप न लागणें यांच्या जोडीला वांतीही आहे. शेक्सपिअरनें एका नाटकांत मनुष्याच्या सात अवस्था वर्णिल्या, तेव्हां पहिल्या अवस्थेची खूण म्हणून त्याला बालकाचें ओकणेंच आठवलें. आपल्या सुश्रुतानें बालवयाचे तीन भाग पाडले आहेत : पहिल्या वर्षापर्यंत क्षीराद, म्हणजे केवळ दुधावर राहणारें मूल; दुसऱ्या वर्षापर्यंत क्षीरान्नाद, म्हणजे दूध व अन्न दोन्ही घेणारें; आणि त्यापुढें अन्नाद. मुलाचें पोट हें मोठ्या माणसाच्या पोटाची लहान प्रतिकृति नसून तें हळूहळू तयार होत जातें, ही जाणीव या विभागणीच्या मुळाशीं आहे. पुढें जें सांगावयाचें आहे त्यासाठीं पहिल्या वर्षाची ही सीमा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी.

बालकांच्या वैद्यकाला वाहिलेला आपला प्राचीन ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. नेपाळांत मिळालेल्या हस्तलिखितावरून ती १९३८ मध्यें मुद्रित झाली. तींत वेदनाध्याय नांवाचें एक प्रकरण आहे. ज्याला बोलतां येत नाहीं त्या मुलाला काय दुखतें आहे हें कसें ओळखावें, हा त्याचा विषय. मूल स्तन सोडून देतें, रडतें, अंग ताठ करतें, तर त्याच्या पोटांत दुखत आहे असें समजावें, अशा प्रकारच्या खुणा तेथें एकामागून एक दिल्या आहेत. मुलाला औषधी चाटण देण्याविषयींही त्या ग्रंथांत स्वतंत्र अध्याय आहे. पण त्यांत चाटण कोणाला द्यावें याबरोबरच कोणाला देऊं नये हेंही सांगितलें आहे. आधीं नीट पाहावें, मग औषधाचा विचार करावा, असा हा क्रम आहे. पुढील अनेक शतकांत जगानें तो वारंवार उलटा केला.

आपल्या घरांतून सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, हिरडा, सुंठ, जायफळ अशा जिनसांचे मोजके वेढे उगाळून बाळगुटी देण्याची चाल होती, आणि अजूनही कांहीं घरांत ती आहे. मूल रडलें, मूल ओकलें, मुलाचें पोट फुगलें कीं गुटी हजर. पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून दुसरें कांहींही देऊं नये असें आजचें वैद्यक सांगतें; त्या दृष्टीनें गुटीचेंही समर्थन करतां येत नाहीं. तरी ती वेढ्यांनीं मोजलेली असे आणि आंत काय आहे हें घरांतल्या बाईला ठाऊक असे. एकोणिसाव्या शतकांत जें बाटलींतून विकलें जाऊं लागलें, त्याविषयीं एवढेंही म्हणतां येत नव्हतें.

१८४९ सालीं अमेरिकेंत विन्स्लोबाईंच्या नांवानें मुलांना शांत करणारें एक सरबत बाजारांत आलें. त्यानें मूल शांत होत असे यांत संशय नाहीं, कारण त्यांत मॉर्फीन होतें. कांहीं मुलें तें घेऊन निजलीं तीं पुन्हां उठलींच नाहींत. बाटलीवर आंतील द्रव्याचें नांव छापण्याची सक्ति करणारा कायदा अमेरिकेंत १९०६ मध्यें झाला, तोंवर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें विल्यम वुडवर्ड यांनीं १८५१ मध्यें ग्राइप वॉटर तयार केलें. त्यांत बाळंतशोपेचें तेल, सोडा, साखर आणि मद्यार्क होता. पोटदुखी, वायु, दूध ओकणें या सर्वांवर तें इंग्लंडांत आणि मागाहून हिंदुस्थानांत घरोघरीं दिलें जाऊं लागलें. त्यांतील मद्यार्क ब्रिटनमध्यें काढून टाकला गेला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची गोष्ट निराळी. त्यांना मूल घरीं ठेवून पाळीवर जावें लागे, आणि तें गुंगींत राहावें म्हणून त्या त्याला अफूची ‘बाळागोळी’ देत. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. पाळणाघर नव्हतें आणि पोटही होतें. परंतु विन्स्लोबाईंचें सरबत घेणाऱ्या सुखवस्तु आईनें आणि या गिरणकामगार आईनें एकच गोष्ट विकत घेतली होती, ती म्हणजे मुलाची शांतता. रडणें थांबलें म्हणजे दुखणें थांबलें, असा समज त्या शांततेच्या मुळाशीं होता.

इतकें सांगितल्यावर प्रत्येक ओकणें निरुपद्रवीच असतें असा कोणाचा समज होऊं नये, म्हणून येथें एका खऱ्या दुखण्याची हकीकत सांगितली पाहिजे. कोपनहेगनचे डॉक्टर हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनीं १८८८ मध्यें दोन तान्ह्या मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. हीं मुलें दूध नुसतें टाकीत नसत. पिचकारी सोडावी तसें तें जोरानें दूरवर फेंकीत, आणि दिवसेंदिवस सुकत जात. जठराच्या खालच्या द्वारांतील स्नायु जाड होऊन तें द्वार जवळजवळ बंद झालें होतें. असल्या मुलांवर त्या काळीं खात्रीचा इलाज नव्हता; पुष्कळशीं दगावत. जर्मनींतील म्युन्स्टर येथील शस्त्रवैद्य कॉनराड रामस्टेट यांनीं १९११-१२ मध्यें अशा मुलांवर शस्त्रक्रिया केली. द्वाराचा जाड झालेला स्नायु उभा चिरल्यावर घातलेले टांके तेथें टिकेनात. शेवटीं त्यांनीं ती चीर न शिवतां तशीच राहूं दिली, आणि मूल बरें झालें. आजही या विकारावर मूलतः तीच शस्त्रक्रिया करतात. म्हणजे ओकणाऱ्या शंभर मुलांत एखादें असें असतें कीं ज्याच्यासाठीं वाट पाहणें घातक ठरतें. तें एक मूल कोणतें हें ओळखणें हाच या विषयांतला खरा पेंच आहे, आणि ज्या काळांत हें ओळखण्याचें साधन नव्हतें त्या काळांतील आईबापांची भीति आपण हंसण्यावारी नेऊं नये.

क्ष-किरण आले आणि पोटाच्या आंत डोकावतां येऊं लागलें. न्यूयॉर्कचे आशेर विंकलस्टीन यांनीं १९३५ मध्यें असें दाखविलें कीं जठरांतील आम्ल वर चढून मोठ्या माणसांच्या अन्ननलिकेला दाह करतें. १९४७ मध्यें बॉस्टनचे न्यूहाउझर व बेरेनबर्ग यांनीं ओकणाऱ्या तान्ह्या मुलांचीं क्ष-किरण चित्रें प्रसिद्ध केलीं. जठराच्या वरच्या तोंडाशीं स्नायूचें जें कडें असतें तें या मुलांत सैल असल्यामुळें दूध सहज वर येतें, असें त्यांचें म्हणणें. ग्रीक भाषेंतील सैलपणाच्या शब्दावरून या अवस्थेला ‘चॅलेझिया’ असें नांव मिळालें. आतांपर्यंत जें ओकणें होतें, तो आतां रोग झाला. आणि नांव मिळालें कीं उपाय पाठोपाठ येतोच. मूल उभें धरलें तर दूध खालीं राहील हा तर्क सरळ होता. त्यावरून मुलाला तासन्‌तास बसतें ठेवण्यासाठीं खास खुर्च्या वापरांत आल्या.

याच सुमारास एका डॉक्टरनें निराळें काम केलें. बेलफास्टचे आयव्हो कॅरे यांनीं, जठराचा कांहीं भाग छातींत सरकला आहे अशा मुलांची, म्हणजे ओकणाऱ्यांतही अधिक बिकट मुलांची, वर्षानुवर्षें नोंद ठेवली. विशेष उपचार न झालेल्या मुलांपैकीं सुमारें ६० टक्के मुलांचा त्रास दोन वर्षांच्या वयापर्यंत आपोआप नाहींसा झाला, असें त्यांनीं १९५९ मध्यें प्रसिद्ध केलें. थोड्या मुलांच्या अन्ननलिकेला मात्र कायमची इजा झाली होती. बहुतेकांना काळ हेंच औषध, थोड्यांना खरा धोका : ही विभागणी प्रथम आंकड्यांत मांडली गेली ती अशी. पुढें १९८३ मध्यें अमेरिकेंतील सुसान ऑरेन्स्टीन आणि त्यांचे सहकारी यांनीं त्या खुर्चीचीच परीक्षा घेतली. खुर्चींत बसविलेल्या मुलांच्या अन्ननलिकेंत आम्ल किती वेळां वर येतें हें त्यांनीं मोजलें, आणि तीं मुलें पालथीं ठेवून तुलना केली. खुर्चींत आम्ल अधिक वर येतें असें निघालें! कारण तान्हें मूल खुर्चींत सरळ बसत नाहीं. तें पुढें वांकून गोळा होतें आणि त्याच्या पोटावर दाब पडतो. जो उपाय एका पिढीनें निमूटपणें केला, तो दुखणें वाढविणारा होता हें कळावयास छत्तीस वर्षें लागलीं.

आतां या इतिहासांतल्या सर्वांत दुःखद प्रकरणाकडे वळूं. खुर्चीपेक्षां पालथें निजविणें बरें, असें ऑरेन्स्टीनबाईंच्या मोजणीवरून दिसलें खरें. परंतु पालथें निजविण्याची चाल पाश्चात्य देशांत त्याच्या पुष्कळ आधींपासून पसरली होती, आणि तिच्याही मुळाशीं दुधाच्या गुळणीची भीतिच होती. डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचें बालसंगोपनावरील पुस्तक १९४६ मध्यें निघालें. पुढें त्याच्या कोट्यवधि प्रती खपल्या, आणि अमेरिकेंतील आईबापांना तें वेदासारखें झालें. १९५० नंतरच्या दशकांतील आवृत्तींत त्यांनीं मुलाला पालथें निजविण्याकडे कल दाखविला. कारण असें दिलें कीं, उताणें निजलेलें मूल ओकलें तर तें त्याच्या घशांत अडकून मूल गुदमरण्याचा संभव अधिक. कोणत्या आईला हें पटणार नाहीं? अमेरिका, ब्रिटन, हॉलंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा देशांत लक्षावधि मुलें पालथीं निजूं लागलीं.

आणि त्याच देशांत रात्रीं निरोगी निजविलेलीं मुलें सकाळीं मृत आढळण्याचें प्रमाण वाढत गेलें. उलट हाँगकाँगमध्यें असे मृत्यु विरळा होतात, असें १९८५ मध्यें एका डॉक्टरानें लिहिलें. तेथें मुलांना उताणें निजविण्याची परंपरा होती. आपल्याकडेही पाळण्यांत किंवा झोळींत मूल सामान्यतः उताणेंच ठेवीत. हळूहळू निरनिराळ्या देशांतील गणना एकत्र आल्या आणि त्या एकच गोष्ट सांगूं लागल्या : पालथें निजणारें मूल अधिक धोक्यांत असतें. १९८७ मध्यें हॉलंडनें, १९९१ मध्यें ब्रिटन व न्यूझीलंडनें, आणि १९९४ मध्यें अमेरिकेनें मुलांना उताणें निजविण्याची मोठी मोहीम काढली. हे अकस्मात् होणारे मृत्यु थोड्याच वर्षांत निम्म्याच्या आसपास, कांहीं देशांत त्याहूनही खालीं आले. नवें औषध नाहीं, नवें यंत्र नाहीं. मूल फक्त पाठीवर ठेवलें, एवढेंच.

आणि ती गुदमरण्याची भीति? उताण्या मुलांत गुदमरून मरण्याचें प्रमाण वाढलें नाहीं. शरीराची रचना पाहिली तर याचें नवल वाटत नाहीं. मानेंत श्वासनलिका पुढें असते आणि अन्ननलिका तिच्या मागें, कण्याच्या बाजूला. मूल उताणें असतां श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खालीं येते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेंत शिरावयाचें तर चढण चढावी लागते. पालथ्या मुलांत हीच रचना उलटी होते. म्हणजे जो तर्क इतका सरळ वाटला होता, तो शरीररचनेच्याही विरुद्ध होता. ब्रिटनमधील संशोधकांनीं २००५ मध्यें जुनी सर्व नोंद पुन्हां तपासली. १९७० पर्यंत हातीं असलेले आंकडेच त्या वेळीं नीट एकत्र मांडले असते, तर ब्रिटनमध्यें १०,००० हून अधिक, आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडील प्रदेश मिळून निदान ५०,००० मुलांचे मृत्यु टळले असते, असा त्यांनीं अंदाज केला. एखाद्या लढाईंत इतकीं माणसें पडतीं, तर तिचें नांव शाळेच्या प्रत्येक पुस्तकांत आलें असतें.

इतका धडा मिळाल्यावर जग शहाणें झालें असेल असें वाटतें. पण मोह वेष पालटून आला. जठर लवकर रिकामें करणारें सिसाप्राइड नांवाचें औषध ओकणाऱ्या मुलांना सर्रास दिलें जात होतें. त्यानें कांहीं रोग्यांच्या हृदयाची गति बिघडते असें आढळून आल्यावर अमेरिकेंत २००० मध्यें तें बाजारांतून काढण्यांत आलें. भारतांत त्यावर २०११ मध्यें बंदी आली. मग आम्ल कमी करणाऱ्या औषधांचा काळ आला. ज्या ऑरेन्स्टीनबाईंनीं खुर्चीची परीक्षा घेतली होती, त्यांनींच २००९ मध्यें याही उपायाची परीक्षा प्रसिद्ध केली. दूध पितांना किंवा पिऊन झाल्यावर रडणारीं, ओकणारीं १६२ मुलें घेतलीं. निम्म्यांना लॅन्सोप्राझोल हें औषध दिलें, निम्म्यांना औषधासारखें दिसणारें पण औषध नसलेलें द्रव्य. औषध घेतलेल्या ८१ मुलांपैकीं ४४ मुलांना बरें वाटलें. न घेतलेल्या ८१ पैकींही बरोबर ४४ मुलांनाच. फुप्फुसाच्या संसर्गासारखे गंभीर विकार मात्र औषध घेतलेल्या मुलांत अधिक झाले. अन्ननलिकेला आम्लानें खरोखर इजा झाली असेल तेथें हीं औषधें लागतात. पण नुसत्या गुळणीवर त्यांचा उपयोग नाहीं.

खुर्चीही नव्या रूपानें परत आली. ओकणाऱ्या मुलाला तिरपें निजवावें म्हणजे दूध वर येणार नाहीं, या कल्पनेवर अमेरिकेंत उतरते पाळणे विकले जाऊं लागले. झोपेंत मुलाची मान पुढें वांकून श्वास कोंडे, किंवा तें तेथेंच पालथें होई. एकाच बनावटीचे सुमारें ४७ लाख पाळणे २०१९ मध्यें परत मागवावे लागले. तोंवर त्यांत निजलेलीं तीसहून अधिक मुलें दगावलीं होतीं. असे पाळणे करण्यास व विकण्यास बंदी करणारा कायदा तेथें २०२२ मध्यें झाला.

मग आज या विषयीं निश्चित काय कळलें आहे? ऑस्ट्रेलियाचे जॉन डेंट आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८० मध्यें मोठ्या माणसांत असें दाखविलें कीं, जठरावरचें तें कडें नेहमीं सैल नसतें. तें अधूनमधून कांहीं क्षण आपोआप उघडतें, आणि त्या क्षणीं जठरांतलें वर येतें. पुढें तान्ह्या मुलांतही तसेंच आढळलें. त्यांत मूल दिवसभर आडवें, त्याचें अन्न सर्व पातळ, आणि पोटाच्या मानानें पिण्याचें प्रमाण मोठें. तेव्हां दूध वर न येईल तरच आश्चर्य. शिकागोच्या आसपासच्या ९४८ आईबापांना विचारून १९९७ मध्यें एक गणना प्रसिद्ध झाली. तींत पहिल्या तीन महिन्यांतील निम्मीं मुलें दिवसांतून एकदां तरी ओकत होतीं. चौथ्या महिन्यांत हें प्रमाण ६७ टक्के होतें. आणि दहा ते बारा महिन्यांच्या मुलांत तें अवघ्या ५ टक्क्यांवर आलें. मूल बसूं लागतें, उभें राहूं लागतें, घट्ट अन्न खाऊं लागतें, आणि दुखणें म्हणून ज्याची एवढी धास्ती घेतली तें विरून जातें. सुश्रुताच्या क्षीराद अवस्थेची सीमाही हीच होती.

म्हणून वजन वाढत असलेल्या, हंसऱ्या, ओकणाऱ्या मुलाला करावयाचें तें थोडें आहे. एका वेळीं फार न पाजतां थोडें थोडें पण अधिक वेळां पाजावें. ढेकर काढावी. पाजल्यावर वीस-तीस मिनिटें मूल खांद्याशीं उभें धरावें, लगेच पाय वर करून लंगोट बदलूं नये, हिंदोळे देऊं नयेत. घरांत कोणीं विडी-सिगारेट ओढूं नये. ओकतें म्हणून आईचें दूध तोडूं नये. वरच्या दुधाचें पीठ असेल तर डब्यावर लिहिल्याप्रमाणेंच कालवावें, मनानें पातळ वा घट्ट करूं नये. आणि मूल झोपवितांना, दिवसा असो वा रात्रीं, सपाट व टणक अंथरुणावर उताणेंच ठेवावें.

ज्या मुलासाठीं वाट पाहूं नये, त्याच्या खुणाही घरांतल्या प्रत्येकाला पाठ असाव्यात. ओकलेलें हिरवट पित्तासारखें किंवा रक्तमिश्रित असणें. दूध पिचकारीसारखें जोरानें फेंकलें जाणें. वजन न वाढणें. पिण्यास नकार देणें. पोट फुगून ताठ होणें. ताप, ग्लानि किंवा टाळू वर आलेली दिसणें. लघवी कमी होणें. आणि सहा महिने उलटल्यावर प्रथमच ओकूं लागणें किंवा वर्षानंतरही तें न थांबणें. यांपैकीं एकही खूण दिसली तर डॉक्टरकडे जावें. हिरवें वा रक्ताचें ओकलें, दूध पिचकारीसारखें फेंकलें किंवा मूल मलूल झालें तर त्याच घटकेला न्यावें. गाईच्या दुधांतील प्रथिनें न मानवणारीं मुलेंही कांहीं वेळां अशीं ओकतात; त्याचाही निर्णय डॉक्टरनेंच करावयाचा असतो.

रडणाऱ्या नातवाला मांडीवर घेऊन स्वस्थ बसणें हें वडीलधाऱ्यांना फार कठीण जातें. कांहींतरी करावें असें हात म्हणतात. ओळखीच्या माणसानें सांगितलेली बाटली, शेजारणीनें आणलेली उशी, चतुर जाहिरातींतला पाळणा, सर्व उपाय अशा वेळीं बरे वाटतात. तेव्हां आजी-आजोबांना माझी एवढीच विनंति आहे कीं, सुनेला किंवा लेकीला नवा उपाय सुचविण्यापूर्वीं मुलाच्या वजनाचा तक्ता एकदां मागून घ्यावा. त्यांतली रेघ वर चढत असेल, तर एक जुना मऊ पंचा खांद्यावर टाकावा आणि मूल घ्यावें.